धान्याचा ओलावा आणि तंबोऱ्याचे लाकूड

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा गहू, हरभरा, तूर यांच्या बाजारासंबंधी आम्ही काही लिहावे अशीच त्यांची अपेक्षा असावी. चाळीस वर्षे आम्ही लालबागेत घाऊक धान्याचा व्यापार केला. त्यापलीकडे आम्हांस काही कळते असा आमचा दावा नाही. शिक्षण म्हणावे तर मॅट्रिकपर्यंतचेच. तथापि काही वर्षांपूर्वी आमच्या घरी असा एक प्रसंग घडला की, जी गोष्ट आम्ही रोज दुकानात हाताने चाचपून पाहत होतो, तीच गोष्ट घरात मात्र आमच्या ध्यानी आली नाही. आणि त्यापायी घरातील एक मोलाची वस्तू जवळजवळ हातची गेली. त्या निमित्ताने वाद्याचे लाकूड आणि हवेतील ओलावा यांचा संबंध आम्ही जाणत्यांकडून समजून घेतला. आपल्यापैकी अनेकांच्या घरी तंबोरा, सतार किंवा पेटी आहे; नातवंडांच्या हौसेने आता गिटारही येऊ लागली आहे. सबब हा विषय सभासद बंधुभगिनींच्या उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

आमचे तीर्थरूप वडील सन १९६८ साली मिरजेस गेले होते. आमची थोरली बहीण, जिला सारे घर आक्का म्हणते, ती त्या सुमारास मंदिरातील पूजेत पदे म्हणू लागली होती. तिच्यासाठी त्यांनी मिरजेहून एक तंबोरा आणला. वडिलांचा हात खर्चाच्या बाबतीत आखडता असे. स्वतःसाठी त्यांनी नवी छत्रीदेखील सहजासहजी घेतली नाही. म्हणून त्या तंबोऱ्याचे घरात फार अप्रूप होते. जुन्या घराच्या माजघरात, जाड विटमातीच्या भिंतींआड, तो अठ्ठेचाळीस वर्षे राहिला. त्याची कोणी विशेष निगा राखली असे नाही. तरी त्यास काही झाले नाही.

सन २०१६ साली आम्ही नवे घर बांधले. सिमेंटचा स्लॅब, मोठ्या खिडक्या, दिवाणखान्यात कूलर. येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेस पडावा म्हणून तंबोरा दिवाणखान्यात दर्शनी जागी ठेवला. सन २०१८ च्या मे महिन्यात एके रात्री खोलीतून बोटे मोडल्यासारखा आवाज आला. सकाळी पाहतो तो तबलीवर घोडीपासून खाली वीतभर चीर गेलेली. आक्का तेव्हा आमच्याकडेच राहत होती. तिने चिरेवरून बोट फिरविले आणि एवढेच म्हणाली, “बाबांनी आणलेला होता रे.”

ही चीर का पडली, आणि ती बुजविण्यासाठी आम्ही जे केले त्याने काय अनर्थ झाला, हे सांगण्यापूर्वी ओलाव्याचा हिशोब मांडणे अवश्य आहे. तो हिशोब धान्यापासून सुरू केला म्हणजे आपणां सर्वांस सुलभ होईल.

परखी आणि पोते

पोत्यात परखी खुपसून आलेला नमुना तळहातावर घेतला की आपण दोन दाणे दाताखाली धरतो. दाणा ‘कट्’ असा फुटला तर माल वाळलेला; दबला, चिकटला तर ओला. आता ओलावामापक यंत्रे आली आहेत; पण यंत्र तरी दुसरे काय सांगते? शंभर किलो मालात पाणी किती, एवढेच. सरकारी खरेदीत गव्हाचा ओलावा १२ टक्क्यांपर्यंत असला तर पुरा भाव मिळतो, १२ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान असला तर भावात कपात होते, आणि १४ च्या वर गेला तर माल नाकारला जातो.

या दोन टक्क्यांचे मोल किती, ते पाहा. १२ टक्के ओलाव्याच्या एका क्विंटलात ८८ किलो कोरडे द्रव्य असते. तोच माल पावसाळी हवेने १४ टक्क्यांवर गेला तर त्याचे वजन १०२ किलोंच्या थोडे वर जाते. म्हणजे दाणा एकही न वाढता क्विंटलामागे सव्वादोन किलोंहून अधिक पाणी तराजूत चढले. हे पाणी धान्याच्या भावाने विकणे हा सचोटीचा व्यापार नव्हे, हे वडिलांनी आम्हांस पहिल्याच पावसाळ्यात बजावले होते. शिवाय ओल्या धान्यात बुरशी व जीवोत्पत्ती होते; म्हणूनच चातुर्मासापूर्वी धान्यास ऊन दाखवून ठेवण्याची आपल्या घरांतील रीत.

आता मुख्य मुद्दा असा की, धान्यावर पाण्याचा थेंबही न पडता त्याचा ओलावा वाढतो आणि कमी होतो. तो हवेमुळे. हवा दमट असेल तर दाणा तिच्यातून पाणी ओढतो. हवा कोरडी असेल तर दाणा आपले पाणी सोडतो. काही काळाने देणेघेणे बरोबरीस येते आणि खाते स्थिर होते. हवा बदलली की पुन्हा नवी देवघेव. लाकडाचेही अगदी असेच आहे. झाड तोडले, फळी कापली, रंधली, रोगण चढविले, पन्नास वर्षे लोटली, तरी हवेशी त्याचे हे खाते कधी बंद होत नाही.

हवेची तहान

येथे ‘दमट’ आणि ‘कोरडी’ या शब्दांचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. हवा जितकी तापेल तितके अधिक पाणी ती वाफेच्या रूपाने धरू शकते. एका घनमीटर हवेत २५ अंश उष्णतेस सुमारे २३ ग्रॅम पाणी मावते. ४५ अंशांस सुमारे ६५ ग्रॅम मावते. हवेत जितके पाणी मावू शकेल त्याच्या शेकडा किती प्रत्यक्ष आहे, यास सापेक्ष आर्द्रता म्हणतात. समजा, पहाटे २५ अंशांवर ही आर्द्रता ५० टक्के आहे. दुपारी पारा ४५ वर गेला आणि हवेतील पाणी तेवढेच राहिले, तर आर्द्रता १८ टक्क्यांच्या आत येते. पाणी कमी झाले नाही. हवेची तहान वाढली. ही तहान ती मिळेल तेथून भागविते: अंगणातील तुळशीच्या मातीतून, आपल्या ओठांतून, आणि लाकडातूनही.

आपल्या लालबागेत तर या दोन्ही हवा एकाच जागी अनुभवास येतात. ज्यांनी मोगल अमदानीत, सुमारे १६१५ साली बांधलेला कुंडी भंडारा पाहिला असेल, त्यांस वर वैशाखाची लू आणि खाली कुंडीत उतरताच अंगास लागणारी गार ओल आठवेल. वर ठेवलेली लाकडी फळी आणि खाली ठेवलेली लाकडी फळी, या एकाच झाडाच्या असल्या तरी महिन्याभराने त्या सारख्या मापाच्या राहणार नाहीत.

लाकूड फुगते ते कोणत्या दिशेस

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची घट्ट बांधलेली मोळी समजावी. नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या नळ्यांत मोकळे पाणी भरलेले असते आणि नळ्यांच्या भिंतीही पाण्याने तुडुंब असतात. मोकळे पाणी आधी उडून जाते. तोवर लाकूड हलके होते, पण आकसत नाही. लाकडाचा ओलावा २८ ते ३० टक्क्यांच्या खाली उतरला म्हणजे भिंतींतील पाणी जाऊ लागते, आणि तेथून लाकूड आकसण्यास आरंभ होतो.

धान्यव्यापाऱ्याने येथे एक सावधगिरी बाळगावी. आपण धान्याचा ओलावा एकूण वजनावर काढतो; लाकूडवाले तो कोरड्या वजनावर काढतात. ११२ किलो फळीत १२ किलो पाणी व १०० किलो कोरडे लाकूड असेल, तर ते त्यास १२ टक्के म्हणतात. म्हणूनच ताज्या लाकडाचा ओलावा कधी कधी १०० टक्क्यांच्याही वर सांगितलेला आढळतो. त्यात खोटे काही नाही, हिशोबाची रीत निराळी.

हवेची आर्द्रता २० टक्के असता लाकूड ४ ते ५ टक्क्यांवर स्थिर होते. ५० टक्के असता ९ च्या आसपास, ६५ असता १२ च्या आसपास, आणि ८० असता १६ च्या आसपास. म्हणजे बऱ्हाणपूरच्या मे महिन्यापासून ऑगस्टापर्यंत उघड्यावरच्या लाकडास ४ पासून १६ पर्यंतची चढण चढावी लागते, आणि पुढल्या उन्हाळ्यात तितकेच उतरावे लागते.

आकसणे सर्व दिशांस सारखे असते तर काही बिघडले नसते. वाद्य किंचित लहान झाले असते, इतकेच. पण मोळीच्या लांबीत, म्हणजे रेषांच्या दिशेने, लाकूड जवळजवळ बदलतच नाही. जो काही बदल होतो तो आडवा, रुंदीत. त्यातही झाडाच्या वर्तुळांच्या कडेकडेने जितका होतो, त्याच्या सुमारे निम्माच गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेत होतो. म्हणून वाद्याची फळी अशी कापतात की, तिच्या टोकाकडून पाहिले असता वर्तुळांच्या रेषा उभ्या दिसाव्यात. अशा कापणीत लाकूड वाया फार जाते, पण फळी रुंदीत कमी हलते व वाकत नाही.

गिटार करणारे काय करतात

ओलाव्याचे हे गणित गिटारीच्या बांधणीत फार स्पष्ट दिसते. गिटारीचा दर्शनी पडदा बहुधा स्प्रूस नावाच्या, आपल्या देवदाराच्या कुळातील थंड मुलखाच्या लाकडाचा असतो. पाठ व बाजू पुष्कळदा शिसवीच्या असतात. अमेरिकेतील प्रसिद्ध मार्टिन कंपनीने सन १९६९ च्या सुमारास ब्राझीलची शिसवी सोडून हिंदुस्थानची शिसवी वापरण्यास प्रारंभ केला, आणि आपल्या अरण्यांतील हे लाकूड जगभरच्या वाद्यांत जाऊन बसले. सन २०१७ साली या जातीच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्यांचे निर्बंध आले; तयार वाद्यांस त्यांतून सन २०१९ मध्ये सूट मिळाली.

गिटारीचा पडदा जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा असतो. पोलादी तारांच्या गिटारीत सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० ते ८० किलोंचा भरतो. म्हणजे पाऊण क्विंटलाचे ओझे त्या पातळ फळीने अष्टौप्रहर सोसावयाचे. त्यासाठी पडद्याच्या आतून लाकडी पट्ट्या चिकटवितात. त्यांतील पुष्कळ पट्ट्या पडद्याच्या रेषांस आडव्या जातात, आणि नेमकी तेथेच अडचण उभी राहते. पडदा रुंदीत फुगतो व आकसतो. पट्टी मात्र आपल्या लांबीत तसूभरही हलत नाही. दोन भागीदारांपैकी एक सारखा मागेपुढे होणारा, दुसरा अढळ, आणि दोघांस सरसाने एकत्र जखडलेले, असा तो संसार आहे.

आता हिशोब करू. ४०० मिलिमीटर रुंदीच्या पडद्याचा ओलावा ९ टक्क्यांवरून ५ वर आला, तर उभ्या रेषांची स्प्रूस फळी सुमारे अडीच मिलिमीटर आकसू पाहते. पट्ट्या तिला आकसू देत नाहीत. मग पडदा आधी आत बसतो, आणि ताण असह्य झाला म्हणजे चिरतो. याउलट हवा दमट झाली तर पडदा फुगून वर उचलला जातो, त्याबरोबर घोडी वर येते, तारा पट्टीपासून उंच होतात, बोटांस रुततात व आवाज बसका होतो. फुगलेले वाद्य हवा सुधारल्यावर पुष्कळदा पूर्वस्थितीस येते. चिरलेले येत नाही.

म्हणून जाणते कारागीर आपली कामाची खोली बाराही महिने ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या दरम्यान राखतात. लाकूड त्या हवेत कित्येक आठवडे मुरू देतात, आणि मगच पट्ट्या चिकटवितात. भर पावसाळी हवेत, लाकूड फुगलेले असता पट्ट्या जखडल्या, तर ते वाद्य कोरड्या मुलखात गेल्यावर चिरणार हे ठरलेलेच. थंड देशांतही ही आपत्ती टळत नाही. हिवाळ्यात शून्य अंशावरची हवा घरात घेऊन २० अंशांपर्यंत तापविली की तिची आर्द्रता २० ते २५ टक्क्यांवर उतरते. आपल्याकडे जो घात लू करते, तो तिकडे शेगडी करते.

फळी तयार आहे की नाही हे ओळखण्याची त्यांची एक रीत आम्हांस फार आवडली, कारण ती तराजूची आहे. फळीवर तारीख व वजन लिहून ठेवितात. काही दिवसांनी पुन्हा तोलतात. वजन घटत आहे तोवर फळी कच्ची. वजन घटावयाचे थांबले की तिचे हवेशी खाते जुळले. कापलेल्या फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा रचाव्या लागतात. फळीच्या टोकांतून पाणी फार लवकर निसटते व तेथे ती फाटते. म्हणून टोकांस मेण किंवा रंग लावितात. इंचभर जाडीस एक वर्ष, असा जुन्या लोकांचा ढोबळ आडाखा आहे. थप्पी लावताना आपणही जमिनीपासून व भिंतीपासून अंतर ठेवितोच; विद्या एकच.

मिरजेची वाट

आता आमच्या तंबोऱ्याकडे वळू. चीर पाहून आमचा जीव कासावीस झाला, आणि आक्काच्या देखत ती तशीच ठेवणे आम्हांस सोसवेना. गावातील फर्निचरचे काम करणाऱ्या एका सुताराने लाकडाचा भुसा व चिकटद्रव्य यांनी चीर बुजवून देता येईल असे सांगितले, मात्र थोडे थांबून पाहू असेही तो म्हणाला. घाई आमची होती. आम्ही त्यास त्याच दिवशी काम उरकावयास लावले. वरून पॉलिश झाले. चीर दिसेनाशी झाली. आम्ही समाधान पावलो.

जुलै उजाडला. पाऊस लागला. तबली हवेतील पाणी पिऊन पुन्हा रुंद होऊ लागली. पण तिची मोकळी जागा, म्हणजेच ती चीर, आम्ही ठाम बुजवून टाकली होती. फुगावयास वाव न मिळाल्याने तबली वर उचलली आणि एका कडेने भोपळ्यापासून सुटली. मे महिन्यात एक जखम होती, ऑगस्टात दोन झाल्या.

त्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही व आक्का तंबोरा घेऊन मिरजेस गेलो. मिरजेच्या या धंद्याची परंपरा मोठी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, शस्त्रांना धार लावण्याचा व्यवसाय करणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांनी तेथे सतारी व तंबोरे घडविण्यास आरंभ केला, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती कला चालत आली. सन १९३७ साली दिवंगत झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचेही वास्तव्य मिरजेसच होते. सन २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले.

तंबोऱ्यात दोन जातींचे द्रव्य एकत्र नांदते. खालचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस पिकतो. वाळलेला भोपळा भिजवून, कापून, आत काड्यांचा आधार देऊन आकारास आणतात व पुन्हा वाळवितात. दांडी व तबली तुणाच्या, म्हणजे तांबूस रंगाच्या हलक्या लाकडाची असते. भोपळा हे फळ, तबली हे लाकूड. दोघांचे फुगणे व आकसणे सारखे नाही. म्हणून त्यांचा सांधा हाच तंबोऱ्याचा नाजूक भाग होय.

एका वयस्क कारागिरांपुढे आम्ही तंबोरा ठेवला. चिरेकडे पाहण्यापूर्वीच त्यांनी विचारले, “शेठजी, हा घरात कोठे ठेवता?”

आम्ही सांगितले. कूलर किती वेळ चालतो, हेही त्यांनी विचारून घेतले. मग म्हणाले, “धंदा कशाचा आपला?”

“धान्याचा.”

“मग आपणांस मी काय सांगावे? गव्हाचे पोते दिवसा कूलरपुढे आणि रात्री भट्टीपुढे ठेवाल काय?”

आम्ही निरुत्तर झालो. दिवसभर कूलर ओली हवा तबलीवर फेकीत होता. रात्री तो बंद झाला की तापलेल्या स्लॅबची कोरडी धग. जुन्या माजघरातही उन्हाळा कोरडा व पावसाळा दमट होता. परंतु जाड भिंतींआड तो बदल आठवड्या-आठवड्याने, हळूहळू होत असे, आणि लाकडास जुळवून घेण्यास अवधी मिळे. नव्या घरात तोच बदल रोजच्या रोज होऊ लागला. पातळ तबलीची वरची बाजू फुगलेली, आतली अजून कोरडी. तोच वरची सुकावयास लागलेली. लाकडास कोरडेपणा आणि ओल या दोहोंपेक्षाही घाई अधिक बाधते, हे आम्हांस त्या दिवशी कळले. आणि आमची स्वतःची घाई, ती चीर बुजविण्याची, तीही त्याच जातीची होती.

त्यांनी आमची भर काढून टाकली आणि तंबोरा तीन आठवडे नुसता ठेवून दिला. तबली आपल्या ठिकाणी बसली, चीर बरीचशी आपोआप मिटली. जी बारीक फट उरली तीत जुन्या तुणाच्या लाकडाची कपची रेषेस रेष जुळवून बसविली, आणि सांधा नव्याने चिकटविला. आम्ही मजुरी विचारली तेव्हा ते म्हणाले, “काम दोन दिवसांचे. वाट पाहिली त्याचे काय घ्यावयाचे?”

येथे एक गोष्ट आपल्या समाजासाठी नोंदवितो. तंतुवाद्यांत जुने कारागीर जो सरस वापरीत, तो जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून होतो. ऊब व ओल लागली की तो सैल पडतो. त्यामुळे सांधा खोलून दुरुस्ती करणे सोपे जाते, हा त्याचा गुण. आता रासायनिक चिकटद्रव्ये मिळतात. त्यांत हा दोष नाही, मात्र सांधा सहजी उलगडत नाही. ज्यांस या गोष्टीचा विचार करावयाचा असेल त्यांनी वाद्य करावयास देतानाच स्पष्ट सांगावे. आम्ही तसे सांगितले.

घरी पाळावयाचे नियम

मिरजेहून परतल्यावर आम्ही एक लहानसे आर्द्रतामापक घड्याळ आणून भिंतीस लावले आणि रोजमेळासारखी त्याची नोंद ठेवू लागलो. मे महिन्यात दुपारी १५ ते २० चा आकडा, कूलर लावताच ६५, रात्री पुन्हा २५. श्रावणात अहोरात्र ८५ च्या आसपास. ही वही पाहिली तेव्हा तंबोरा दोन वर्षे टिकला कसा, याचेच नवल वाटले. त्या नोंदींवरून व जाणत्यांच्या सांगण्यावरून पुढील नियम आम्ही घरात घालून घेतले आहेत.

पहिला नियम, वाद्य घराच्या आतल्या खोलीत ठेवावे. उन्हाने तापणाऱ्या बाहेरच्या भिंतीस, खिडकीस, कूलर किंवा वातानुकूलन यंत्राच्या झोतास लागून ठेवू नये. दुसरा, वाजवून झाल्यावर ते पेटीत किंवा जाड गवसणीत घालावे. बंद पेटीतील हवा सावकाश बदलते, आणि सावकाशपणा हेच खरे औषध. तिसरा, चैत्र ते ज्येष्ठात पेटीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज छिद्रे पाडलेल्या डबीत घालून ठेवावा, तो लाकडास मात्र लागू देऊ नये. पावसाळ्यात त्याच जागी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. चौथा, प्रवासातून आणलेली पेटी लागलीच उघडू नये. काही तास तशीच राहू द्यावी. पाचवा, पावसाळ्यात खुंट्या फुगून घट्ट बसतात, त्यांस जोर करू नये. उन्हाळ्यात त्या सैल पडून घसरतात, तेव्हा किंचित खडू लावावा. सहावा, पॉलिशचे काम पावसाळ्यात काढू नये. लाखेच्या पॉलिशवर दमट हवेत पांढुरकी झाक येते. सातवा आणि सर्वांत महत्त्वाचा, चीर दिसताच ती बुजवू नये. तारा उतरवाव्यात, वाद्य सौम्य हवेत ठेवावे, आणि वाद्याच्या कारागिरासच दाखवावे.

सन २०२२ साली आमच्या नातीने गिटार घेतली. पहिल्याच पावसाळ्यात ती तक्रार घेऊन आली, “आजोबा, तारा उंच झाल्या, बोटे दुखतात. दुकानदाराने फसविले वाटते.” आम्ही तिला भिंतीवरचा आकडा दाखविला, ८८ होता. गिटार पेटीत घालून पुड्या ठेवविल्या आणि थोडा धीर धरावयास सांगितले. काही आठवड्यांत तारा पुष्कळशा ठिकाणावर आल्या. आता वहीतील नोंद तीच करते.

व्यापारात आपण मालाचा ओलावा तपासतो तो बहुधा भाव ठरविण्यासाठी. पण ज्या वस्तूंचा भाव आपल्याला करावयाचा नसतो, त्याही हवा खातात, फुगतात, आकसतात. आणि त्यांस अवधी दिला नाही तर त्या तुटतात. एवढेच या लेखात सांगावयाचे होते.

तंबोरा आता पूर्वेच्या आतल्या खोलीत असतो. तबलीवर कपचीची बारीक रेघ दिसते. ती झाकून टाकावयास आम्ही सांगितले नाही. आक्काचे वय झाले, आवाज पूर्वीसारखा लागत नाही. पण पर्युषणात ती तंबोरा मांडीवर घेते, मणी सरकवून तार मिळविते, आणि एक पद म्हणते. त्या दिवशी त्या खोलीत कूलर लावीत नाहीत.

— लालबाग, बऱ्हाणपूर येथील एक घाऊक धान्यव्यापारी